भिंतीलगतचं गवत

सोसायटीने बाबांना शाल दिली, तेव्हाच मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट मी पुढे होऊन फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले.

नाहूरला आमची चार मजली जुनी सोसायटी आहे. इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, जमिनीचा एक लांबट पट्टा आहे. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, जास्वंदीची झाडं आणि बाकी सगळं गवत. पावसाळ्यात ते गुडघ्याला लागतं. पूर्वी एक माळी यायचा. तो गावी गेला, परत आला नाही, आणि कमिटीने दुसरा शोधला नाही. कारण तोवर माझे बाबा विळा घेऊन खाली उतरायला लागले होते.

बाबा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. तरुणपणी परळच्या एका गिरणीत ते साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. गिरणी बंद पडली तसे भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. स्वस्थ बसणं त्यांना जमत नाही. सकाळी चहा झाला की विळा, गोणपाट आणि खाली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी नको पण म्हटलं नव्हतं.

झेंडावंदनाच्या दिवशी सेक्रेटरीने माइकवरून बाबांचं नाव घेतलं. शाल, नारळ, टाळ्या. मग म्हणाला, "आणि काकांचे कष्ट कमी व्हावेत म्हणून सोसायटीतर्फे ही छोटीशी भेट." एक लांब खोकं पुढे आलं. आत बॅटरीवर चालणारं गवत कापायचं मशीन. पुन्हा टाळ्या. एका म्हाताऱ्या माणसाकडून काम करून घ्यायचं आणि कामाचं अवजार त्यालाच बक्षीस म्हणून द्यायचं, हे त्या टाळ्यांमध्ये मला दिसलं नाही. बाबांचा चेहरा फुलला होता, मी तेवढंच बघितलं.

दुकानाचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. दहा मिनिटं थांबला. बॅटरी अशी बसवायची, बटण असं दाबायचं, खालच्या चकतीतून नायलॉनची दोरी बाहेर येते, ती गरगर फिरते आणि गवत कापते. दोरी झिजली की चकती जमिनीवर हलकेच आपटायची, नवी दोरी बाहेर येते. झालं. सही घेऊन गेला. सोसायटीच्या ऑफिसला कायम कुलूप, म्हणून मशीन आमच्या घरी राहिलं. चार्जर स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी. खोक्यात एक माहितीपुस्तिका होती आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक पारदर्शक गॉगल. दोन्ही खोक्यासकट पोटमाळ्यावर गेली. मीच स्टुलावर चढून ठेवली.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून कानशिलं तापतात. मी भाषांतरं करते. पोटापाण्याचा धंदा तोच. आणि त्यातलं बरंचसं काम अशा माहितीपुस्तिकांचंच. मिक्सर, इस्त्री, गीझर, पाण्याचा पंप. "वापरण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचा" हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. आमच्या घरात आलेली ती एक पुस्तिका मात्र मी उघडली नाही.

बाबा खुशीत होते. विळ्याने ज्याला तीन सकाळी लागायच्या ते काम आता एका सकाळी व्हायला लागलं. खालून सूंऽऽ असा आवाज यायचा. मी खिडकीजवळ बसून काम करायची. एकदा डोकावले तर बाबा अर्ध्या चड्डीत, पायात स्लिपर, डोळ्यावर काही नाही.

"बाबा, बूट घाला ना!"

"होय होय," त्यांनी वर न बघता हात केला.

मी परत कॉम्प्युटरकडे वळले. माझं सांगणं तिथेच संपलं.

मग सेक्रेटरीचे मेसेज सुरू झाले. वाईट माणूस नाही तो. चाळिशीचा, नोकरीत पिचलेला, कुणीच तयार नाही म्हणून सेक्रेटरी झालेला. पण मोबाइल हातात आला की माणसाला दुसऱ्याच्या कामातल्या चुका फार दिसतात. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. भिंतीच्या कडेला गवताचे झुबके राहिले होते, त्यांच्याभोवती लाल गोल काढलेला. खाली लिहिलेलं, "काका, भिंतीलगत राहिलंय. फिनिशिंग जरा बघा ना." पुढच्या आठवड्यात आणखी एक फोटो. तीन लाल गोल. एका बाईंनी खाली लिहिलं, "मशीन असून पण?"

ग्रुपवर मीही होते, फोटो बघून सोडून दिले. बाबांनी स्वतः तो फोटो मला दाखवला नाही. आईला दाखवला, हे मला खूप नंतर कळलं.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी एका वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत अडकले होते. खालचा सूंऽऽ आवाज थांबला ते माझ्या लक्षातही आलं नाही. वॉचमनची हाक आली.

"ताई, लवकर या! काकांना लागलं!"

मी अनवाणी जिने उतरले. बाबा झोपाळ्यावर बसले होते, उजव्या डोळ्यावर तळहात दाबून. बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं, त्यात थोडं रक्त. मशीन गवतात आडवं पडलं होतं.

"काय झालं बाबा?"

"काय नाय. खडी उडाली."

"हात काढा, बघू."

"नको. काढवत नाय."

रिक्षाने मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या वाटेत बाबा एवढंच म्हणत होते की मशीन खालीच राहिलं, पाऊस आला तर भिजेल. डॉक्टरीणबाईंनी डोळा धुतला, थेंब घातले, भिंगातून बराच वेळ बघितलं. बुबुळावरच्या पडद्याला लांब ओरखडा होता. फरशीचा बारीक कपचा लागला होता, तो घुसला नाही, घासून गेला. "आणखी जोरात लागला असता तर आपण आता वेगळं बोलत असतो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "गॉगल नव्हता?"

होता. पोटमाळ्यावर, पिशवीतून बाहेरही न काढलेला. मी म्हटलं, "नव्हता."

संध्याकाळी सेक्रेटरी शहाळी घेऊन आला. बाबा पट्टी बांधून कॉटवर पडले होते. तो खुर्चीच्या कडेवर बसला, कसं आहे, काय म्हणाले डॉक्टर, सगळं नीट विचारलं. आणि उठता उठता म्हणाला, "मशीनला काही झालं नाही ना? नाही, मी बघितलं तर बाहेरच पडलं होतं."

"मशीन?" मी म्हटलं. "तुला मशीनची पडलीय?"

"तसं नाही ताई..."

"मग कसं? त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. फुकट राबवता. वर फोटो टाकता, लाल गोल काढता. आणि आता मशीन ठीक आहे का विचारतोस?"

"गॉगल दिला होता ताई आम्ही. खोक्यात होता."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी दार उघडून उभी राहिले. तो गेला. आईने शहाळी उचलून आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते मशीन नीट बघितलं. फिरत्या दोरीच्या मागे एक जाड प्लास्टिकचं आवरण असतं, पंख्यासारखं पसरट. त्याला गार्ड म्हणतात. उडालेली खडी, काच, कपचा चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ते असतं. ते नव्हतं. स्क्रूची दोन भोकं तेवढी दिसत होती. बसवायला आलेल्या माणसाने लावलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, भिंतीलगतचं गवत निघत नाही म्हणून सेक्रेटरीनेच काढायला लावलं असणार. माझ्याकडे पुरावा काही नव्हता. पण रागाला पुरावा लागत नाही, त्याला फक्त पत्ता लागतो. मी ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. गार्ड काढून एका वृद्ध माणसाला मशीन चालवायला लावणं हा गुन्हा आहे, याला जबाबदार कोण, रविवारी मीटिंग घ्या. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं.

रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. वीसेक माणसं आली. बाबा येऊ नयेत असं मला वाटत होतं, पण ते आले, डोळ्यावर पट्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट. मागच्या खुर्चीवर बसले.

मी उभी राहिले ती बोलतच सुटले. माळी का नेमला नाही, म्हाताऱ्या माणसाला शाल पांघरून कामाला जुंपायचं ही कुठली रीत, पोरं झोपाळ्यावर असताना मशीन चालतं, आज बाबांना लागलं उद्या पोराला लागेल. आवाज चढत गेला. "आणि गार्ड! गार्ड कोणी काढायला सांगितला? सांगा ना! तो काढला नसता तर कपचा त्यांच्या डोळ्यापर्यंत आलाच नसता. कोणी काढला?"

सेक्रेटरी गोंधळून इकडे तिकडे बघायला लागला. "कोणता गार्ड?"

"मी काढलाय तो," मागून आवाज आला.

बाबा उभे होते. "ह्यांना कायच माहीत नाय. मी काढलाय. माझ्या स्क्रूड्रायव्हरने."

मी उभीच होते, तोंड उघडं. मला वाटलं जमीन दुभंगावी. सेक्रेटरीने मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मला खरंच वाटलं तुम्ही बघत असाल. तुमचं तर हेच काम ना?"

घरी आल्यावर मी चप्पल भिरकावली. आयुष्यात बाबांवर एवढ्या जोरात ओरडले नव्हते.

"का काढलात? सांगा, का?"

"ओरडू नको गो."

"ओरडणार! चार माणसांत माझी वाट लावलीत. का काढलात?"

बाबा पाणी प्यायले. मग सावकाश सांगायला लागले. गार्ड भिंतीला आपटतो, दोरी शेवटच्या वीतभर गवतापर्यंत पोचत नाही. शिवाय गार्डाच्या कडेला एक छोटं पातं असतं, ते लांब झालेली दोरी आपोआप कापतं. गार्ड काढला की दोरी लांब ठेवता येते, एका फेरीत जास्त गवत निघतं. बॅटरी तापते, पण काम भराभर होतं.

"साच्यावर पण असाच होता," ते म्हणाले. "धोट्याला गार्ड. धोटा धागा घेऊन इकडून तिकडे जातो, उडाला तर बंदुकीच्या गोळीसारखा. म्हणून जाळीचा गार्ड. पण तुटलेला धागा जोडताना तो मध्ये येतो. आम्ही सुतळीने वर बांधून ठेवायचो. सगळेच."

"आणि उडाला नाही कधी?"

बाबांनी पेला खाली ठेवला.

"बाबा, उडाला का कधी?"

"उडाला. बाजूच्या साच्यावरचा माणूस. गालाचं हाड गेलं त्याचं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! डोळ्यांनी बघितलं होतंत!"

"माहीत असतं गो," बाबा म्हणाले. "माझ्या कापडात कधी कोणी खोट काढली नाय. एकदा पण नाय. आणि हे गवत... सगळ्या लोकांसमोर लाल गोल करून दाखवतात."

माझा राग मात्र गेला नाही. सेक्रेटरीवर होता, त्या "मशीन असून पण?" म्हणणाऱ्या बाईवर होता, बाबांवर होता, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. मी खिडकीत बसून बघत होते. स्लिपर बघितली होती, उघडे डोळे बघितले होते. एकदा हाक मारली आणि कर्तव्य संपवलं.

मी स्टूल ओढलं, पोटमाळ्यावरून खोकं काढलं आणि पुस्तिका उघडली. मराठी नव्हतं, इंग्रजी आणि हिंदी होतं. मी मोठ्याने मराठी करून वाचायला लागले, सवयीने, जशी पानामागून पान करते तशी. "परिरक्षक कवच काढून टाकून उपकरणाचा वापर करू नये. परिचालन करतेवेळी अन्य व्यक्तींना पंधरा मीटर अंतरावर ठेवावे."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "परिरक्षक कवच म्हंजे काय ता?"

"गार्ड."

"मगे गार्ड म्हण ना! कोणाक कळतला ह्या?"

कुणालाच कळणार नव्हतं. मी वर्षानुवर्षं कुणालाच न कळणाऱ्या भाषेत माणसांना सावध करत आले होते. तिथेच बसून मी एका कागदावर पुन्हा लिहिलं. गार्ड काढायचा नाही, भिंत आली तरी. आधी गवतात फिरून दगड, काच, तार वेचायची. बूट, फुल पँट, गॉगल. पोरं असतील तर चालू करायचं नाही. गवत ओलं असेल तर नाही. दोरी अडकली, चकती साफ करायची, काहीही करायचं, तर आधी बॅटरी काढायची, बटण बंद आहे म्हणून विसंबायचं नाही. नायलॉनच्या जागी तार बांधायची नाही. बॅटरी तापली असेल तर गार होईपर्यंत चार्जिंगला लावायची नाही. बाबांनी तो कागद चाळीशी लावून एका डोळ्याने वाचला आणि बाजूला ठेवला.

"आता मशीनच नको," मी म्हटलं. "परत देऊन टाकू."

"मी चालवणार," बाबा म्हणाले.

"अजिबात नाही!"

"तू कोण सांगणारी?"

चार दिवस आमचं बोलणं बंद होतं. तोडगा आईने काढला, आम्हा दोघांना न विचारता. तिने मशीनमधून बॅटरी काढली आणि स्वतःच्या कपाटात ठेवून चावी कमरेला लावली.

"बॅटरी माझ्याकडे रवतली," तिने जाहीर केलं. "बूट, पँट, चष्मो, गार्ड. सगळा बघीन, मगे देईन. नायतर गावाची नाय."

बाबा चिडले. मी लहान पोर आहे काय, म्हणाले. आई म्हणाली, लहान पोर आयकता तरी.

महिनाभराने डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. बाबांनी गार्ड स्वतःच्या हाताने बसवला, स्क्रू घट्ट केले. आई दारात उभी राहून पायापासून डोक्यापर्यंत बघायची आणि मग बॅटरी हातात ठेवायची. पहिल्याच दिवशी बाबा दहा मिनिटांत वर आले, घामाने निथळत. "काय दिसत नाय ह्याच्यातून. सगळा धुका." मी म्हणणार होते की कारणं सांगू नका. त्याऐवजी गॉगल घातला आणि खाली जाऊन पाच मिनिटं मशीन चालवलं. ऑक्टोबरचं ऊन होतं. काच खरोखर धुरकट झाली, घाम डोळ्यांत उतरला, आणि हात आपोआप गॉगल वर सरकवायला गेला. त्या क्षणी मला पुस्तिका लिहिणाऱ्यांचा आणि भाषांतर करणाऱ्यांचा मनापासून राग आला. आम्ही कुणी उन्हात उभे राहून बघितलेलं नसतं. मी दुकानात जाऊन हवा खेळणारा, बाजूला भोकं असलेला चष्मा आणला आणि त्यावरून चेहऱ्यावर उतरणारा जाळीचा मुखवटा. नुसत्या जाळीतून बारीक कण येतात, म्हणून दोन्ही. शिवाय वेळ ठरवली, सकाळी उन्हं चढायच्या आत, पोरं शाळेत गेल्यावर. भिंतीलगतचं गवत बाबा बसून विळ्याने काढतात. मशीन भिंतीपासून हातभर लांब राहतं.

डोळा बरा झाला, पण पूर्ण नाही. दिव्याकडे बघितलं की त्यांना एक धूसर डाग दिसतो. ते याबद्दल कधी तक्रार करत नाहीत. मला ते अजून सहन होत नाही.

मग गेल्या हिवाळ्यात कमिटीने ठराव केला. मागच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे. गवतच नको. नोटिशीत लिहिलं होतं, "ज्येष्ठ सभासदांची सुरक्षितता लक्षात घेऊन." मी वाचलं आणि भांडायला उठले, तर बाबा माझ्या आधी दाराबाहेर होते. मी जिन्यात पोचले तेव्हा वरच्या मजल्यावरून त्यांचा आवाज येत होता. एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कपचा लागला तेव्हा नाही, मीटिंगमध्ये नाही, मी त्यांच्यावर ओरडले तेव्हाही नाही.

"डोळा माझा! लागला मला! मी काय बोललो तुला? बोललो काय? मग गवताने काय घोडं मारलंय तुझं? माझ्या नावावर दगड घालतोस?"

सेक्रेटरी दारात उभा होता, बनियनवर, हातात चहाचा कप. "काका, तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी काय पाहिजे ते मला विचार ना! शाल दिलीस तेव्हा विचारलं नाय, मशीन दिलंस तेव्हा विचारलं नाय. आता तरी विचार!"

शेजाऱ्यांची दारं उघडली. सेक्रेटरीने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं काका. काय पाहिजे?"

बाबांनाही हे अपेक्षित नव्हतं. ते थोडे थांबले, धाप लागली होती. "माळी पाहिजे," ते म्हणाले. "आठवड्यातून दोनदा. मी शिकवीन त्याला. आणि त्याला बूट, चष्मा सोसायटीने द्यायचा. खोक्यात नाय. हातात."

माळी यायला तीन महिने लागले. झोपाळ्याखालच्या भागात ब्लॉक बसले, बाकी गवत राहिलं. नवा माळी मानखुर्दहून येतो. मशीन आता त्याच्या हातात असतं, बॅटरी अजून आईकडे, आणि आई त्याचीही तपासणी करते, ज्याचं त्याला पहिले काही दिवस फार हसू यायचं. बाबा खुर्ची टाकून बसतात आणि त्याच्या कामात सारखी खोट काढतात. परवा तो वैतागून म्हणाला, "बाबा, तुम्ही बोलू नका यार मध्ये." बाबा रागावून घरी आले आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.